पोकळ चिंच मेलेली नसते

नाशिकमध्ये रस्ता रुंद करायचा विषय निघाला, की कुणीतरी जुन्या चिंचेच्या ढोलीकडे बोट दाखवतं: ‘आतून पोकळ आहे, आज ना उद्या पडणारच.’

ढोली तयार होते ती मुळातच मेलेल्या लाकडात. झाडाचा जिवंत संसार सालीलगत असतो. सालीच्या आत वाढीचा पातळ थर, त्याच्या आत पाणी वर नेणारं फिकट रसकाष्ठ. मधल्या गडद गाभ्यात, म्हणजे मध्यकाष्ठात, एकही जिवंत पेशी नसते.

हा गाभा तयार कसा होतो ते बघण्यासारखं आहे. पाणी वाहणाऱ्या नळ्या मेलेल्या पेशींच्याच असतात. त्यांना चिकटून पिष्ट साठवणाऱ्या जिवंत पेशी असतात. नळीत हवा शिरून ती निकामी झाली, की शेजारची पेशी भिंतीतल्या सूक्ष्म खळग्यातून आत फुग्यासारखी फुगते. असे फुगे एकमेकांना रेटून नळी बुजवतात. त्यांना टायलोस म्हणतात. मग या पेशी साठवलेलं पिष्ट खर्चून वाळवीला आणि बुरशीला न मानवणारी रसायनं बनवतात आणि मरतात. सागाचा तपकिरी रंग आणि तेलकटपणा या रसायनांचाच. चौकटीत सालीकडची पांढरी पट्टी राहिली तर भुंगेरा नेमका तिथे लागतो, पिठासारखा भुसा पडतो. कारण पिष्ट तिथेच उरलेलं असतं. सागाच्या तुकड्याचं आडवं टोक धारदार ब्लेडने तासून भिंगाखाली धरा. नळ्यांच्या तोंडात चकाकणारे पापुद्रे दिसतील, ते टायलोस.

द्राक्षवेलही छाटणीनंतर कापाजवळच्या नळ्या अशाच फुग्यांनी किंवा डिंकासारख्या द्रव्याने बुजवते. कापामागचं लाकूड थोडं सुकतंच. जाड काडी ओलांड्याला, म्हणजे वेलीच्या आडव्या कायम फांदीला, घासून कापली, तर तो सुकवा ओलांड्यात उतरतो.

आता पडण्याचं. वाऱ्यात खोड वाकतं तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या लाकडावर येतो. 60 सेंमी व्यासाच्या खोडात 42 सेंमी व्यासाची पोकळी मधोमध असेल, तर वाकण्याला होणारा विरोध फक्त 24 टक्के घटतो, कारण हिशोब व्यासाच्या चौथ्या घाताचा. भिंत उरली 9 सेंमी. मात्र ढोलीचं तोंड रुंद असेल, भिंतीला उभी चीर असेल किंवा पोकळी एका बाजूला सरकलेली असेल, तर हे गणित लागू नाही.

ढोलीत सिमेंट भरणं हा तर आणखी घोळ. खोड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. फटीत ओल साचते आणि कूज वाढते. झाड पाडायचंच ठरवायचं असेल, तर ढोलीआधी बुंध्याशी बघा: आळंब्या उगवल्यात का, एका बाजूची माती उचललीय का, फुटपाथ करताना मुळं तोडलीत का.