कांद्यावरची काळी पूड आणि ‘काळी बुरशी’
कोरोनाच्या काळात, २०२१मध्ये, एक मेसेज फिरला: कांद्याच्या सालीवरचा काळा थर म्हणजेच म्युकरमायकोसिस, अर्थात ‘काळी बुरशी’ नावाने ओळखला जाणारा आजार. तो अजूनही फिरतो आणि तो साफ खोटा आहे. आपल्या लासलगाव-निफाडकडच्या कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, हवा दमट झाली की कांद्याच्या सालीखाली काजळीसारखी पूड धरते, बोटाला लागते. ती मातीतली ॲस्परजिलस नायजर बुरशी. म्युकरमायकोसिस होतो तो म्युकोरेल्स गटातल्या बुरशींमुळे. त्या रक्तवाहिन्या बंद पाडतात, रक्ताविना मेलेला भाग काळा पडतो. ‘काळी’ हे नाव पडलं ते त्यावरून. या आजाराची भीती खरी आहे, विशेषतः मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना. पण त्यासाठी कांद्याला का बदनाम करायचं? वरचे पापुद्रे काढा, कांदा धुवा, वापरा. मऊ पडलेला, वास मारणारा मात्र फेकाच.