टोनआर्म: हलणारा आणि न हलणारा दांडा

टर्नटेबलसाठी स्वतः लाकडी टोनआर्म, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणारा दांडा, बनवायचं ठरलं की पहिला वाद लाकडाच्या जातीवर होतो. शिसम घ्यावं, साग की बांबू? खरं तर हा प्रश्न बराच नंतरचा. आधी पाहावं ते वजन, आणि ते दांड्यावर नेमकं कुठे बसतं.

आर्मकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असते. खाचेतली वळणं सुईला सेकंदाला २० ते २०,००० वेळा हलवतात आणि कार्ट्रिज (दांड्याच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) सुईची हालचाल स्वतःच्या तुलनेत मोजतं. त्यामुळे संगीताच्या कंपनांना आर्मने दाद देता कामा नये. पण रेकॉर्ड कुठे ना कुठे वाकलेली असतेच. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात असा एखादा उंचवटा साधारण १.८ सेकंदांनी परत येतो. त्या संथ चढउतारावर मात्र आर्मने सुईबरोबर निमूट वरखाली व्हायला हवं.

हा तिढा सुटतो तो अनुनादाच्या (ठरावीक वारंवारतेला कंपन एकदम वाढण्याच्या) जागेमुळे. सुईच्या दांडीचा लवचीक रबरी आधार ही स्प्रिंग, आर्म आणि कार्ट्रिज हे तिच्यावरचं वजन. या जोडीची नैसर्गिक वारंवारता ८ ते १२ हर्ट्झ ठेवतात: वाकड्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांच्या वर, संगीताच्या खाली. हिशोब सोपा आहे. प्रभावी वस्तुमान ग्रॅममध्ये घ्या, त्याला कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातल्या लवचीकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ ला भागा.

प्रभावी वस्तुमान म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे. खिळीपासूनच्या (आर्म ज्यावर फिरतो त्या टेकूपासूनच्या) अंतराच्या वर्गाने प्रत्येक ग्रॅमची किंमत ठरते. समजा खिळीपासून सुईपर्यंत २३० मिमी अंतर आहे आणि लाकडी दांडा १५ ग्रॅमचा, एकसारख्या जाडीचा आहे. तो मोजला जातो फक्त ५ ग्रॅम. टोकावरचं कार्ट्रिज, स्क्रूसकट १० ग्रॅम, जवळजवळ पूर्ण मोजलं जातं. मागे तोल सांभाळणारं १०० ग्रॅमचं वजन ४० मिमीवर असेल तर ते ३ ग्रॅमची भर घालतं. तोच तोल ५० ग्रॅम ८० मिमीवर ठेवून साधला तर भर ६ ग्रॅमची! म्हणून मागचं वजन जड आणि खिळीला चिकटून असलेलं बरं. पहिल्या मांडणीत एकूण १८ ग्रॅम होतात; लवचीकता १५ असेल तर उत्तर येतं सुमारे ९.७ हर्ट्झ.

आता लाकूड. वजनाच्या मानाने ते ताठ असतं आणि अंतर्गत घर्षणामुळे कंपनं लवकर जिरवतं. पातळ धातूची नळी त्यापेक्षा जास्त वेळ झणझणते. लाकडाच्या ‘उबदार’ आवाजाबद्दल बोललं जातं, त्यातला पटण्याजोगा भाग एवढाच. रेषा दांड्याच्या लांबीला समांतर हव्यात, लाकूड नीट वाळलेलं हवं, आणि दमट हवेत ते पिळू नये म्हणून वर पॉलिश हवं.

घरगुती कामाला एकबिंदू खिळी सोयीची: खालून टोकदार पोलादी काटा आणि त्यावर टेकलेली लहानशी वाटी. गुरुत्वमध्य त्या टोकाच्या थोडा खाली ठेवला की आर्म डुगडुगत नाही. कार्ट्रिज मात्र तिरकं बसवावं लागतं. २३० मिमीसाठी कोन सुमारे २४ अंश, आणि सुई तबकडीच्या मध्याच्या १८ मिमी पुढे.

सगळं जमल्यावरही फसवतात त्या कार्ट्रिजच्या चार तारा. सुईवरचा भार जेमतेम २ ग्रॅमचा असतो, त्यामुळे जाड तारेचा पीळसुद्धा आर्मला बाजूला ओढतो. केसासारख्या बारीक तारा घेऊन खिळीपाशी सैल वळसा ठेवावा.