सीमाभागातल्या संस्थांसाठी व्यसनमुक्ती केंद्राचे अनुदान: अर्ज करण्याआधी काय लागते

खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव, कुठेही जा. दारूपायी घर मोडलेले पाहून 'आपण काहीतरी करूया' म्हणणारे मंडळ भेटतेच. अशा कामाला केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडून अनुदान मिळते. 2018 मध्ये आखलेल्या नशेच्या पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात त्याची तरतूद आहे. मात्र माणसे तळमळीची असूनही कागद जुळत नाहीत म्हणून अर्ज अडतात, याचे फार वाईट वाटते.

आधी कोणते काम करायचे ते ठरवा. रुग्णांना दाखल करून घेणारे पुनर्वसन केंद्र, वस्तीत जाऊन समुपदेशन करणारे भेट केंद्र आणि तरुणांनीच आपल्या वयाच्या मुलांमध्ये करायचे प्रतिबंधाचे काम, असे तीन प्रकार आहेत. जिथे यातले काहीच नाही अशा जिल्ह्यांसाठी तिन्ही एकत्र असलेले जिल्हा केंद्रही आहे. नव्या संस्थेने दाखल करून घेण्याच्या केंद्रापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर आणि परिचारिका हाताशी हव्यात. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही येतात, त्यामुळे दाखल करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते.

अर्ज व्यक्तीला करता येत नाही. सोसायटी, सार्वजनिक ट्रस्ट किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी हवी, नफा कुणाच्या खिशात जाता कामा नये आणि संस्थेच्या कामाला साधारण तीन वर्षे झालेली असावीत. नोंदणी पत्र, संस्थेची घटना म्हणजे नियमावली, पदाधिकाऱ्यांची यादी, संस्थेचा पॅन, लेखापरीक्षित हिशेब, वार्षिक अहवाल, बँक खाते आणि जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद, एवढे तयार ठेवा. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करून युनिक आयडी आधीच घ्या.

आपल्याकडची खरी अडचण नावाची. 1 नोव्हेंबर 2014 ला 'बेळगाव'चे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. त्यामुळे जुन्या नोंदणीवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरे आणि बँकेत तिसरेच असे होते. काही संस्थांचे मूळ कागद तर मुंबई राज्याच्या काळातले, मराठीतले आहेत. त्यांचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून घ्या. संस्थांची नोंदणी करणाऱ्या निबंधकांकडे दरवर्षीचे हिशेब आणि नवी कार्यकारिणी दाखल केली नसेल, तर ते काम सगळ्यात आधी उरका.

अर्ज मंत्रालयाच्या ई-अनुदान पोर्टलवर होतो. प्रस्ताव मागवल्याची सूचना आहे का, ते आधी पाहा. मग जिल्हा प्रशासनाची तपासणी होते, म्हणून डीसी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसात कच्चा प्रस्ताव घेऊन आधीच भेटून या. पैसे हप्त्याने येतात. पुढच्या हप्त्यासाठी जीएफआर 12-अ या सरकारी नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि लेखापरीक्षित हिशेब द्यावे लागतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येक खर्चाची पावती जपा.

अनुदानाची वाट पाहता पाहता घरातला माणूस हातचा जाऊ देऊ नका. व्यसनासाठी 14446, मानसिक त्रासासाठी टेलिमानस 14416, दोन्ही फोन मोफत आहेत. उपचारासाठी बेळगावात बिम्स हे सरकारी रुग्णालय आहे, तर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था.