सोफा ‘बसला’ म्हणजे गेला?

“सोफा बसला की संपला, नवीनच घ्या,” हे घरोघरी ऐकू येतं. पण बसतो तो बहुधा फोम, नाहीतर त्याला खालून पेलणारे पट्टे; सांगाडा नव्हे. गादी काढून खालचे पट्टे दाबून बघा. अनेकदा तेच सैल पडलेले असतात आणि शिव्या मात्र फोमला! सांगाडा सागवानी असेल तर टाकणं निव्वळ करंटेपणा. (भुसा दाबून केलेल्या फळ्या पाण्याने फुगल्या असतील, तर मात्र नाइलाज.) नवा फोम घेताना नुसती जाडी पाहू नका, घनता विचारा; बैठकीला घनमीटरला 32 ते 40 किलोचा बरा. जुना पॉलियुरेथेन फोम वितळवून पुन्हा ओतता येत नाही, हे खरं. पण त्याचे तुकडे चिकटवून, दाबूनच बाजारातल्या टणक रिबॉन्डेड गाद्या होतात.