स्नोमोबाइलच्या सस्पेन्शनमधील बुश : देखभाल व बदल

स्नोमोबाइल हे पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा (ट्रॅक) असलेले बर्फावरचे वाहन. त्याच्या सस्पेन्शनमधील (धक्के झेलणाऱ्या रचनेतील) प्रत्येक हलत्या सांध्यात प्लास्टिकची किंवा ब्राँझची छोटी नळी बसवलेली असते, तिला बुश म्हणतात. आर्म (वर-खाली हलणारे जोडदांडे), शाफ्ट (आडवा दांडा) आणि चासी (वाहनाची मुख्य चौकट) हे महागडे भाग झिजू नयेत म्हणून झिजण्याचे काम बुशवर सोपवलेले असते. त्यामुळे बुश झिजणे हा बिघाड नव्हे. झिजलेला बुश तसाच ठेवणे हा बिघाड.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हालकूर येथे जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही स्नोमोबाइल बाजारात आणली. त्या काळच्या यंत्रांत ट्रॅक छोट्या चाकांच्या जोड्यांवर टेकलेला असे. पुढे दोन लांब रुळांवर ट्रॅक घसरवणारी रचना रूढ झाली आणि हलत्या सांध्यांचे महत्त्व वाढले. भारतात गुलमर्गच्या पर्यटकांना हे वाहन ओळखीचे आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या अंटार्क्टिक मोहिमांतही ते वापरात असते.

पुढच्या बाजूला डावी-उजवीकडचे वरचे-खालचे मिळून चार आर्म असतात. प्रत्येक आर्म चासीला बहुधा दोन ठिकाणी जोडलेला असतो, म्हणजे सांधे आठ. एका सांध्यात सहसा कॉलरचे (कडेला रुंद कडा असलेले) दोन बुश समोरासमोर बसतात व त्यांच्या आतून पोलादी स्लीव्ह (बारीक नळी) जाते. ही स्लीव्ह बुशच्या जोडीपेक्षा किंचित लांब ठेवलेली असते आणि सगळे गणित या फरकावर चालते. बोल्ट पूर्ण आवळला की स्लीव्ह चासीच्या दोन कानांत (बोल्टच्या भोकाच्या पट्ट्यांत) जखडते आणि बुशसह आर्म तिच्याभोवती फिरतो. बोल्ट ढिला राहिला तर स्लीव्हच बोल्टवर फिरू लागते. मग बोल्ट कापला जातो, चासीचे भोक अंडाकृती होते आणि नवे बुश घालूनही खेळ (सांध्यातील ढिलेपणा) जात नाही. ‘घट्ट केले तर आर्म जाम होईल’ या भीतीने बोल्ट अर्धवट आवळण्याची सवय म्हणूनच सर्वांत नुकसानकारक.

मागच्या सस्पेन्शनमध्ये पुढचा व मागचा असे दोन आर्म आडव्या शाफ्टवर फिरतात. इथे बहुधा ग्रीस निपल (ग्रीस गनने ग्रीस भरायची छोटी तोंडे) असतात. पुढच्या आर्मला मात्र अनेक मॉडेलांत निपल नसतो. तिथे हंगामाआधी सांधा उघडून हातानेच ग्रीस लावावे लागते. ग्रीस थंडीत न गोठणारे, पाण्याला दाद न देणारे सिंथेटिक असावे. साधारण ८०० किमी हा बऱ्याच मालकांचा अंतराचा हिशेब. ओल्या बर्फात त्याआधीच भरावे. मागची बाजू उचलून शाफ्टवरचा भार काढला की ग्रीस चहूबाजूंनी शिरते. आधी तांबूस पाणी येते. स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारावी. प्रेशर वॉशरची धार सांध्यावर धरणे म्हणजे पाणी स्वतःच्या हाताने आत ढकलणे. ते पाणी रात्री गोठते, उन्हाळ्यात गंज होते आणि गंजलेली स्लीव्ह खरकागदासारखी बुश खाते.

तपासणीसाठी पुढचा भाग उचलून स्की हवेत ठेवावी. एकाने हँडल घट्ट धरावे, दुसऱ्याने स्कीची दोन्ही टोके धरून आडवी व मग वर-खाली हलवावी. हलवताना एक हात मोकळा करून एकेका सांध्यावर ठेवला की खेळ नेमका कुठे आहे ते बोटांना कळते. टाय-रॉडचे (हँडलची हालचाल स्कीपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) टोक, स्कीच्या उभ्या दांड्याचा बुश आणि आर्मचा बुश यांच्या झिजेची लक्षणे सारखीच असतात: वाहन वाटेवर आपोआप इकडेतिकडे ओढले जाते. म्हणून न तपासता बुश मागवू नयेत.

मागच्या सस्पेन्शनचा सांगाडा काढताना प्रथम ट्रॅकचा ताण सोडावा, टॉर्शन स्प्रिंगची (पिळाने ताण धरणाऱ्या स्प्रिंगची) टोके आधारावरून उतरवावीत, आणि मगच चासीचे चार बोल्ट काढावेत. स्प्रिंगमधला ताण बोट मोडण्याइतका असतो. हात मध्ये घालू नये. शाफ्टच्या दोन्ही टोकांना बोल्ट असल्याने एक सुटल्यावर दुसऱ्यासोबत शाफ्टच फिरतो. अशा वेळी इम्पॅक्ट रेंच (झटके देऊन बोल्ट सोडवणारे यंत्र) कामी येते.

जुना बुश पंचने मागून ठोकून काढावा. भोकातील गंज, सुटा रंग एमरीने साफ करावा, पण भोक मोठे करू नये. नवा प्लास्टिक बुश काही तास फ्रीझरमध्ये ठेवला की किंचित आकसतो. तो हातोडीने न ठोकता लांब बोल्ट, नट व वॉशर वापरून सरळ ओढून घ्यावा. तिरका शिरला की कॉलर तडकते. नायलॉन ओलावा शोषून फुगतो, त्यामुळे कोरडा असताना नीट बसलेला बुशही पुढे घट्ट होऊ शकतो. अ‍ॅसिटल या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये हा त्रास फार कमी. तेल मुरवलेला ब्राँझ बुश पेट्रोलने किंवा सॉल्व्हंटने धुऊ नये, मुरलेले तेल निघून जाते. दाबून बसवल्यावर त्याचा आतला व्यास थोडा कमी होतो. रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) लावायचा असेल तर धारदारच, बोथट पात्याने सूक्ष्म छिद्रे बुजतात.

स्लीव्हवर बोट फिरवून चर किंवा खड्डे जाणवले तर तीही बदलावी. जुन्या स्लीव्हवर नवा बुश हा पैशांचा अपव्यय. नायलॉन-लॉक नट नवे घ्यावेत आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच द्यावा. आवळल्यानंतर, शॉकअप जोडण्याआधी, आर्म हाताने वर-खाली करून पाहावा: तो किंचित जड पण एकसारखा हलला पाहिजे. दगडासारखा अडला तर स्लीव्ह आखूड आहे किंवा बुश पूर्ण बसलेला नाही.

शेवटी ट्रॅकचा ताण व सरळपणा आणि स्कींची दिशा पुन्हा जुळवावी. झिजलेल्या बुशांवर केलेली जुनी जुळवणी आता लागू होत नाही. पहिल्या फेरीनंतर सर्व बोल्टांवर टॉर्क रेंच पुन्हा एकदा फिरवावी.