माणसं गेली आणि वणवे वाढले: आर्नहेम लँडच्या आगीचा इतिहास

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, पश्चिम आर्नहेम लँडच्या खडकाळ पठारावर बिनिंज आदिवासी लोक पिढ्यान् पिढ्या आग लावत आले. तिथला पावसाळा सरल्यावर, मे-जूनच्या 'येक्के' ऋतूत, गवत पुरतं वाळायच्या आत. ही आग बुटकी असते, सावकाश सरकते आणि बरेचदा रात्रीच्या दवाने आपोआप विझते. जळालेल्या-न जळालेल्या तुकड्यांची गोधडीच तयार होते. कोवळ्या फुटव्यावर कांगारू येतात, बारक्या प्राण्यांना लपायला शेजारीच जुनं गवत उरतं.

आग, गवत, कांगारू आणि माणूस एकमेकांवर अवलंबून आहेत, हे सर्वेक्षक थॉमस मिचेल याने 1848 सालीच लिहून ठेवलं होतं. पण गोऱ्या वसाहतींना आग म्हणजे नुकसान एवढंच दिसलं. (आपल्याकडेही नजर तीच. 1927चा भारतीय वन कायदा राखीव जंगलात आग लावणं गुन्हा मानतो.)

विसाव्या शतकात मिशन, खाणी आणि गुरांच्या कुरणांकडे माणसं ओढली गेली, पठार जवळपास ओस पडलं. जाळणारं कोणी उरलं नाही, तरी आग थांबली नाही. उलट ती ऑगस्टनंतर, सगळं कडकडीत वाळल्यावर येऊ लागली. सायप्रस पाइनची जुनी बनं अशा वणव्यांत गेली.

1970च्या दशकापासून काही कुटुंबं परतली. चित्रकार आणि जाणते वडीलधारे बार्डायल नाजामेरेक यांनी शास्त्रज्ञांना सोबत घेऊन जुनं वेळापत्रक पुन्हा बसवलं. 2006मध्ये त्याला पैसा मिळाला. लवकरच्या आगीत मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे पृथ्वीचं तापमान वाढवणारे वायू कमी निघतात. डार्विन शहरातल्या नैसर्गिक वायू प्रकल्पाने आपलं दरवर्षी 1 लाख टन उत्सर्जन भरून काढण्याच्या बदल्यात सुमारे 28,000 चौरस किलोमीटरच्या या कामाला निधी देण्याचा करार केला. आता रेंजर पायी जाळतात, तसे हेलिकॉप्टरमधूनही पेटते गोळे टाकतात.

इथे एक खोच आहे: मोबदला वाचलेल्या वायूंचा मिळतो, वाचलेल्या प्राण्यांचा नाही. शेजारच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात छोट्या सस्तन प्राण्यांची संख्या झपाट्याने घटल्याचं दिसलंय, आणि त्यात आगीबरोबर मोकाट मांजरांचाही हात आहे.

2019-20च्या वणव्यांनंतर हीच पद्धत दक्षिणेत आणायची मागणी जोरात झाली. पण उत्सर्जनाचा हा हिशेब फक्त उत्तरेकडच्या सव्हाना गवताळ रानांना लागू आहे. दक्षिणेतल्या आदिवासी गटांना जाळण्यासाठी परवाने आणि अनुदानावरच भागवावं लागतं.