एसईसी बेसबॉल टूर्नामेंट

साउथईस्टर्न कॉन्फरन्स म्हणजे एसईसी, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या युनिव्हर्सिट्यांची संघटना, तिची कॉलेज बेसबॉलची ही स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात लीगच्या मॅचेस संपल्यावर होते. जिंकणाऱ्या टीमला एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, हिच्या 64 टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट एंट्री मिळते. लीगमध्ये पहिला नंबर आणणं हा वेगळा किताब आहे, दोन्ही एकच समजून बऱ्याच ठिकाणी घोळ झालेला दिसतो.

सुरुवात साधारणपणे 1977 पासून धरतात. तेव्हा ऑक्सफर्ड, मिसिसिपी इथे फक्त 4 टीम खेळल्या आणि यजमान ओले मिस (युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी) जिंकली. त्याआधी लीगच्या ईस्ट आणि वेस्ट या दोन गटांचे (डिव्हिजनचे) विजेते आपसात भिडायचे, पण ती दोघांमधली मालिका होती, म्हणून 1977 हेच वर्ष धरणं बरं.

खरी अडचण पुढे आहे. 1993 ते 1995 ही तीन वर्षं एक स्पर्धा झालीच नाही, ईस्टची वेगळी आणि वेस्टची वेगळी झाली, म्हणजे दरवर्षी दोन विजेते. आता एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, हिच्या नावावर 12 विजेतेपदं सांगतात, सगळ्यात जास्त, पण त्यात 1993 आणि 1994 ची वेस्टची दोन धरलेली आहेत, ती काढली तर 10 उरतात. प्रचलित आकडा 12 च आहे आणि तो वापरायला हरकत नाही, फक्त तो कसा आला ते सोबत सांगायला पाहिजे, नाहीतर तुलना फसते.

1998 पासून स्पर्धा बर्मिंगहॅमजवळच्या हूवर, अलाबामा इथल्या हूवर मेट स्टेडियमवर होते. 1994 मध्ये मायकल जॉर्डन बास्केटबॉल सोडून बर्मिंगहॅम बॅरन्स या बेसबॉल टीमकडून खेळला ते ग्राउंड हेच. 2020 ची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली.

इथे हरलं म्हणजे सीझन संपला असं अजिबात नाही, तगड्या टीमची राष्ट्रीय स्पर्धेतली जागा बहुतेक आधीच पक्की असते, आणि मेन पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) लागोपाठ खेळवलं तर त्याचा हात थकतो, म्हणून कोच त्याला राखून ठेवतात. 2021 मध्ये मिसिसिपी स्टेट हूवरला दोन्ही मॅच मोठ्या फरकाने हरली, 2022 मध्ये ओले मिस पहिलीच मॅच हरून घरी गेली, आणि दोघीही त्या त्या वर्षी ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सीरिज, म्हणजे त्या राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा, जिंकल्या! 2024 मध्ये टेनेसीने मात्र दोन्ही जिंकून दाखवलं.

टेक्सास आणि ओक्लाहोमा या युनिव्हर्सिट्या एसईसीत आल्यावर 2025 पासून सगळ्या 16 टीम खेळतात आणि एक मॅच हरली की बाहेर. लीगमधले पहिले 4 नंबर थेट क्वार्टरफायनलला, 5 ते 8 दुसऱ्या राउंडला, एकूण 15 मॅच. आधी मधल्या टप्प्यात दोनदा हरल्यावर टीम बाहेर जायची, त्यात पिचर जास्त लागायचे. नव्या पद्धतीची पहिली फायनल वँडरबिल्टने ओले मिसला 3-2 ने हरवून जिंकली.